रंग नवा, इंजिन झोपलेलं: पहिलं स्वतःचं विमान घेताना

तुमचा प्रश्न नीट वाचला. लायसन्स मिळून दोन वर्षं झाली, १४० तास झालेत, आता स्वतःचं चार सीटचं विमान घ्यायचंय आणि समोर दोन सेसना १७२ आहेत. पहिलं १९७८चं, एन मॉडेल, रंग नवा, आत ग्लास कॉकपिट (डायलऐवजी पडदे), इंजिन ओव्हरहॉलनंतर (पूर्ण उघडून नव्यासारखं केल्यावर) फक्त ३१० तास. दुसरं १९८२चं, पी मॉडेल, रंग उडालेला, जुने गोल डायल, इंजिन १७५० तासांचं, पण मालक ते दर आठवड्याला उडवतोय. पहिलंच घ्यावं ना, आत अजून काय बसवायचं आणि मेंटेनन्स कसा ठेवायचा, असं विचारलंत.

मी २६ वर्षं हीच छोटी विमानं दुरुस्त करतोय आणि स्वतःचं एक सांभाळतोय. उत्तर आधीच सांगतो, लॉगबुक आणि गंज बघून सगळं ठीक निघालं तर दुसरं घ्या. कारण तुमच्याच प्रश्नात एक ओळ मध्येच येऊन गेलीये, पहिल्याचं ओव्हरहॉल १४ वर्षांपूर्वीचं आहे आणि गेल्या सहा वर्षांत ते मिळून २० तास उडालंय. माझ्यासाठी सगळा प्रश्न त्या एका ओळीत आहे, ३१० हा आकडा नंतर.

का ते सांगतो. या दोन्ही विमानांत लायकमिंग कंपनीचं इंजिन आहे आणि त्यात कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) क्रँकशाफ्टच्या (प्रोपेलर फिरवणारा मुख्य दांडा) वर बसतो. इंजिन बंद केलं की ऑइल हळूहळू खाली उतरतं आणि सगळ्यात आधी कोरडा पडतो तो हा वरचा कॅम आणि त्याला घासणारे टॅपेट. आता पाणी कुठून येतं बघा. एक लिटर पेट्रोल जाळलं की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं. त्यातलं बहुतेक एग्झॉस्टमधून वाफ होऊन जातं पण थोडं पिस्टनच्या रिंगांच्या बाजूने क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या मधल्या पेटीत) उतरतंच. विमान तासभर नीट उडालं, ऑइल चांगलं तापलं की ते उडून जातं. विमान उभं राहिलं की तेच पाणी ज्वलनातल्या आम्लाबरोबर कॅमवर बसतं, लोखंडावर गंजाचे बारीक ठिपके धरतात आणि पुढे कधीतरी उडवायला काढलं की कडक झालेला पृष्ठभाग त्या ठिपक्यांपासून सोलायला लागतो. म्हणून लायकमिंग स्वतः सांगते की ३० दिवसांत निदान एकदा सलग एक तास उडवा, ऑइलचं तापमान ७४ ते ९३ अंश सेल्सियसमध्ये ठेवून. आणि ओव्हरहॉलची मुदतही ते नुसत्या तासांत देत नाहीत, तास भरले नसले तरी १२ वर्षं झाली की ओव्हरहॉल करा म्हणतात. पहिल्या विमानाची ती १२ वर्षं दोन वर्षांपूर्वीच संपलीत.

‘दर महिन्याला स्टार्ट करून दहा मिनिटं चालू ठेवतो’ असं कोणी विकणारा सांगत असेल तर ते इंजिनासाठी उलट वाईट. दहा मिनिटांत पाणी तयार होतं, ते उडून जाण्याइतकं ऑइल काही तापत नाही. न उडवता उभं ठेवायचंच असेल तर गंजरोधक ऑइल घालून, सिलिंडरमध्ये ओलावा शोषणारे प्लग लावून रीतसर झोपवून ठेवावं लागतं, आणि तशी नोंद लॉगबुकात दिसली पाहिजे. पहिल्या विमानाच्या लॉगबुकात ती आहे का हे आधी विचारा.

उलट बाजूचं उदाहरण मला फार आवडतं. ४ डिसेंबर १९५८ला रॉबर्ट टिम आणि जॉन कुक यांनी लास वेगासवरून एक सेसना १७२ उडवली आणि ती थेट ७ फेब्रुवारी १९५९ला खाली आणली. ६४ दिवसांपेक्षा जास्त, जमिनीवर न टेकता. पेट्रोल खाली रस्त्यावर धावणाऱ्या ट्रकमधून होज वर ओढून घ्यायचे, खाणंही तसंच वर यायचं. १४५ हॉर्सपॉवरचं कॉन्टिनेंटल इंजिन होतं, एकदाही बंद न होता १५०० तासांहून जास्त चाललं. शेवटी शेवटी ताकद बरीच कमी झाली होती ते खरं, पण चाललं. रोजच्या उडण्याने इंजिन घिसतं ते हळू आणि आधी कळवून, उभं राहून सडतं ते गुपचूप.

आता १७५० तासांची भीती. या इंजिनाचा टीबीओ २००० तास आहे, म्हणजे कंपनीने ओव्हरहॉलसाठी सुचवलेले तास. बऱ्याच देशांत खाजगी वापराच्या विमानाला तो सक्तीचा नसतो, तुमच्याकडचा नियम काय आहे ते मात्र नोंदणी खात्याकडून लेखी समजून घ्या, ऐकीव माहितीवर राहू नका. व्यवहार करताना मात्र मी नेहमी एकच सांगतो, दुसऱ्या विमानाचं इंजिन संपलंय असं धरून भाव करा, ओव्हरहॉलचे पैसे पहिल्या दिवसापासून बाजूला ठेवा, आणि मग ते अजून ५०० तास चाललं तर आनंदच आहे. लोक नेमकं उलटं करतात, ३१० तास बघून नव्या इंजिनाचे पैसे मोजतात आणि वर्षभरात कॅम गेला की तेच इंजिन पुन्हा उघडतात. मी हे तीनदा माझ्या हातांनी उघडलंय म्हणून एवढं कळकळीने लिहितोय.

अजून एक गोष्ट. एन मॉडेलमध्ये ओ-३२०-एच२एडी इंजिन असतं आणि त्या इंजिनाची कॅम-टॅपेट झिजण्याची तक्रार पहिल्यापासूनची आहे, पुढे टॅपेट बदलले, ऑइलमध्ये ठरावीक ॲडिटिव्ह घालणं सक्तीचं झालं. सतत उडणारं आणि ॲडिटिव्ह नियमित मिळालेलं एच२एडी छान चालतं, मी चांगली बघितलीत. पण उभं राहिलेलं एच२एडी म्हणजे नाजूक जागीच दुखणं. शिवाय त्यात दोन्ही मॅग्नेटो (स्पार्क प्लगला वीज देणारी यंत्रं) एकाच डब्यात एकाच शाफ्टवर असतात, म्हणजे इग्निशन दोन असली तरी फिरवणारा दांडा एकच. पी मॉडेलला ओ-३२०-डी२जे आहे, साधं, दोन वेगळे मॅग्नेटो. पीमध्ये फ्लॅप (पंखामागून खाली उतरणाऱ्या पट्ट्या) ४०ऐवजी ३० अंशच उतरतात आणि बदल्यात टेकऑफचं कमाल वजन १०४३वरून १०८९ किलो झालं. मला तो सौदा पटतो.

एवढी जुनीच विमानं का दिसतात बाजारात असंही विचारलंत. सेसनाने १९८६मध्ये पिस्टन इंजिनाची छोटी विमानं बनवणंच बंद केलं होतं, कारण अपघातानंतरचे दावे आणि विम्याचा खर्च. अमेरिकेत १९९४मध्ये कायदा झाला, १८ वर्षांपेक्षा जुन्या विमानासाठी बनवणाऱ्यावर दावा करण्यावर मर्यादा आली, आणि १९९६पासून १७२ परत बनायला लागली. मध्ये दहा वर्षांचा खड्डा आहे. त्यामुळे नव्याचे पैसे नसतील तर चाळीस-पन्नास वर्षांचं विमान हीच निवड असते आणि वयाला घाबरण्यात अर्थ नाही, ते वय कसं काढलंय ते बघायचं.

हे सगळं बोलण्याआधी खरं तर मी विचारायला हवं होतं की तुम्ही उडणार कुठे आणि कोणाला घेऊन. चार सीट म्हणजे चार माणसं नाहीत हो. पी मॉडेलचं कमाल वजन १०८९ किलो, रिकामं वजन साधारण ६७५ किलो धरा (प्रत्येक विमानाचं वेगळं असतं, त्याच विमानाचा वजन-तोलाचा शेवटचा कागद मागा). राहिले ४१४. वापरता येण्याजोगं १५० लिटर पेट्रोल भरलं तर लिटरला ०.७२ प्रमाणे १०८ किलो गेले, राहिले ३०६. त्यात ८५ किलोची तीन माणसं आणि थोडं सामान, संपलं. चार मोठी माणसं बसवायची तर पेट्रोल ७४ किलो म्हणजे १०० लिटरच्या आसपास, तासाला ३२ लिटर धरून आणि एक तास राखीव ठेवून हातात दोन तासांचं उड्डाण, तेही सामान न घेता. तुमच्या बहुतेक उड्डाणांत दोघंच असाल तर १७२ उत्तम, चारही सीट दर वेळी भरणार असतील तर २३० हॉर्सपॉवरचं १८२ बघावं लागेल, ते पेट्रोल दीडपट पितं आणि त्याचा पंखा (प्रोपेलर) कॉन्स्टंट स्पीडचा, पात्यांचा कोन बदलणारा, म्हणजे त्याचं वेगळं ओव्हरहॉल आलं. चाकं आत जाणारं विमान पहिल्यांदाच घेऊ नका. वेग थोडा वाढतो, विमा आणि वार्षिक तपासणी दोन्ही जड होतात. आणि वर्षातून एकदा चार माणसं न्यायची म्हणून वर्षभर मोठं विमान पोसू नका, त्या एका दिवसासाठी भाड्याने घ्या.

आता तपासणी. विकणाऱ्याचा मेकॅनिक कितीही चांगला असला तरी तपासणी तुमच्या मेकॅनिककडून करा, ज्याने ते विमान आधी कधी सांभाळलेलं नाही अशाकडून, आणि शक्यतो तोच मॉडेल रोज उघडणाऱ्याकडून. पहिला दिवस फक्त लॉगबुकात घालवा. मधली वर्षं गायब आहेत का, पंखा कधी जमिनीला लागलाय का आणि लागला असेल तर नंतर इंजिन उघडलं का, एअरवर्दीनेस डायरेक्टिव्ह (सरकारी विमान खात्याने सक्तीची केलेली तपासणी किंवा दुरुस्ती) प्रत्येक कसा पूर्ण केला त्याची यादी आहे का. पंखा बदलल्याची नोंद आहे आणि कारण लिहिलेलं नाही, तर तिथे पाणी मुरतंय असं समजा आणि उत्तर मिळेपर्यंत पुढे जाऊ नका.

डायरेक्टिव्ह म्हणजे कागदी सोपस्कार नाही, हे एका उदाहरणावरून सांगतो. सेसनाची पुढची सीट रेलवर सरकते आणि रेलच्या भोकात एक पिन अडकून ती जागेवर राहते. भोकं वर्षानुवर्षं घिसून लांबट होतात, पिन नीट बसत नाही, आणि टेकऑफला नाक वर झालं की सीट सपकन मागे जाते. पायलट घाबरून हातात आहे ते धरतो, हातात असतं ते योक (स्टिअरिंग), विमानाचं नाक अजून वर आणि स्टॉल, म्हणजे पंखांची उचल संपते. अशाने माणसं गेलीत. १९८७मध्ये यावर तपासणी सक्तीची झाली, २०११मध्ये तीच नव्याने आली. तुम्ही स्वतः टॉर्च घेऊन रेलची भोकं बघा, बोट फिरवा, लांबट झालेलं भोक बोटाला लगेच कळतं. पिन दोन्ही बाजूंनी पूर्ण खाली जाते का बघा, आणि सीटला मागे जाण्यापासून थांबवणारा जादा स्टॉप बसवलाय का विचारा, नसेल तर विमान घेतल्यावर पहिलं काम ते.

तुम्ही पाइपर चेरोकीचंही विचारलंत एका वाक्यात. चांगलं विमान आहे, पण त्यात पेट्रोलचा सिलेक्टर (कोणत्या टाकीतून घ्यायचं ते ठरवणारा) डावा नाहीतर उजवा, दोन्ही एकदम नाही, आणि दार एकच, उजवीकडे. ४ एप्रिल २०१८ला डेटोना बीच इथे एका ट्रेनिंगच्या पाइपर ॲरोचा (चेरोकीच्याच कुटुंबातलं विमान) डावा पंख हवेतच निखळला, स्पारच्या (पंखाची आतली मुख्य तुळई) खालच्या पट्टीत थकव्याची भेग निघाली, विमानातले दोघंही गेले. नंतर त्या कुटुंबातल्या बऱ्याच मॉडेलना स्पारच्या बोल्टच्या भोकांची एडी करंट तपासणी (विजेच्या मदतीने लपलेली भेग शोधणं) लागू झाली, विमानाचे तास आणि वापर कसा झाला त्या हिशोबाने. म्हणून ट्रेनिंगमध्ये हजारो लँडिंग खाल्लेली चेरोकी आणि एकाच मालकाची चेरोकी यांचे तास सारखे असले तरी विमानं सारखी नसतात.

गंजाला मी इंजिनाच्याही वर ठेवतो. इंजिन बदलता येतं, स्पार बदलायचा म्हणजे विमान संपल्यात जमा. पंखाखालची सगळी झाकणं उघडून घ्या, आरसा आणि टॉर्च घेऊन आत बघा. पांढरी पावडर, रंगाखाली आलेले फोड, रिव्हेटच्या कडेने काळा ओघळ (तो रिव्हेट सैल होऊन हलत असल्याची खूण), मागच्या सीटखाली आणि शेपटीत उंदराचं घरटं. उंदराचं मूत ॲल्युमिनियम फार लवकर खातं, घरटं दिसलं तर खालचा पत्रा उघडा पडेपर्यंत साफ करून बघायचं. आणि नवा रंग! नवा रंग दिसला की मी जास्त वेळ घेतो. रंग काढायचं केमिकल सांध्यात राहिलं तर आतून गंज चालू होतो, आणि रंगवल्यावर कंट्रोल सरफेसचा (पंख आणि शेपटीच्या हलणाऱ्या पट्ट्यांचा) तोल परत तपासलाय का ते लॉगबुकात असलं पाहिजे. नवा रंग असलेल्या कितीतरी विमानांत मला ती नोंद सापडलेली नाही.

इंजिनाच्या तपासणीत कॉम्प्रेशन टेस्ट सगळे करतात, ८० पीएसआय हवा देऊन सिलिंडर किती धरतो ते. ७५ आलं की खूश, ६२ आलं की घाबरले. आकड्याइतकंच महत्त्वाचं म्हणजे हवा निसटते कुठून ते कान लावून ऐकणं. ऑइलच्या तोंडातून फुसफुस येत असेल तर रिंगा, कार्ब्युरेटरकडून येत असेल तर इनटेक व्हॉल्व्ह, एग्झॉस्ट पाइपमधून येत असेल तर एग्झॉस्ट व्हॉल्व्ह, आणि यातला शेवटचा मला सगळ्यात नकोसा. लगेच बोअरस्कोप (बारीक कॅमेरा) घालून व्हॉल्व्हचा चेहरा बघायचा. निरोगी एग्झॉस्ट व्हॉल्व्हवर रंगांची वर्तुळं मधोमध, सारखी असतात. जळायला लागलेल्या व्हॉल्व्हची एक कड वेगळी दिसते, तिथला थर उडालेला, कधी हिरवट झाक. एकदा बघितलंत की विसरणार नाही. पण बोअरस्कोपने लायकमिंगचा कॅम दिसत नाही, त्यासाठी सहसा एखादा सिलिंडर काढावा लागतो. पहिलंच विमान घ्यायचा हट्ट असेल तर विकणाऱ्याला एक सिलिंडर काढून कॅम दाखवायला सांगा, नाही म्हणाला तर तुम्हीही नाही म्हणा.

आत काय बसवायचं. ग्लास कॉकपिटचं आकर्षण मला कळतं, पण माझा क्रम वेगळा आहे. सगळ्यात आधी खांद्याचे पट्टे. अमेरिकेत पुढच्या सीटला ते सक्तीचे झाले ते जुलै १९७८नंतर बनलेल्या विमानांना, म्हणजे त्याआधीच्या बऱ्याच विमानांत नुसता कमरेचा पट्टा असतो. मागच्या सीटचंही बघा, तिथे घरचीच माणसं बसणार आहेत.

मग कार्बन मोनॉक्साइडचा डिटेक्टर, आवाज करणारा, चिकटवायचा रंग बदलणारा ठिपका नाही. या विमानांत हीटरची हवा एग्झॉस्टच्या मफलरभोवतीच्या आवरणातून येते, मफलरला केसाएवढी चीर गेली की तो वायू थेट केबिनमध्ये, वास नाही, रंग नाही. २१ जानेवारी २०१९ला फुटबॉलपटू एमिलियानो साला ज्या पाइपर मालिबूमध्ये होता ते समुद्रात पडलं, त्याच्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचा ५८ टक्के भाग कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेला निघाला. डिटेक्टर आवाज करणारा असता तर काय झालं असतं हा विचार माझ्या मनातून जात नाही. सगळ्या उपकरणांत हे सगळ्यात स्वस्त आहे. दरवर्षी मफलरचं आवरण काढून आत बघणं हा त्याचाच दुसरा भाग.

तिसरं इंजिन मॉनिटर. प्रत्येक सिलिंडरचं डोक्याचं तापमान, प्रत्येकाचं एग्झॉस्टचं तापमान, पेट्रोल तासाला किती जातंय, आणि हे सगळं साठवणारा. जुन्या १७२मध्ये मुळात एकाच सिलिंडरचं तापमान दिसतं किंवा तेही नाही. लायकमिंगची कमाल मर्यादा २६० अंश सेल्सियस आहे पण मी २०५च्या खाली ठेवतो, त्यावर ॲल्युमिनियमची ताकद कमी व्हायला लागते. व्हॉल्व्ह जळायला लागला की त्या सिलिंडरच्या एग्झॉस्टच्या तापमानात हळू, लयीत हलणारी रेघ दिसते, कॉम्प्रेशन पडायच्या कितीतरी आधी. स्पार्क प्लग गेला, इनटेकला गळती झाली, सगळं आलेखात उमटतं. दर महिन्याला डेटा उतरवून एकदा नजर टाका.

चौथं, ४०६ मेगाहर्ट्झचा ईएलटी, म्हणजे अपघात झाला की आपोआप संकेत पाठवणारा ट्रान्समीटर. जुना १२१.५वाला अजून लावलेला असेल तर लक्षात घ्या की उपग्रहांनी ती फ्रीक्वेन्सी ऐकणं १ फेब्रुवारी २००९ला बंद केलं, आता जवळून जाणाऱ्या विमानाने ऐकलं तरच. ४०६वाल्याची नोंदणी तुमच्या नावावर, चालू फोन नंबरसकट करून घ्या, जुन्या मालकाच्या नावावर राहिला तर शोध पथक त्याच्या घरी फोन करत बसेल.

मग पडदे. इथे एक बदल मात्र मनापासून सुचवतो, व्हॅक्युम पंपावर चालणाऱ्या होरायझनच्या (विमान किती कललंय ते दाखवणारं उपकरण) जागी स्वतःची बॅटरी असलेलं इलेक्ट्रॉनिक उपकरण. कोरडा व्हॅक्युम पंप आधी न सांगता तुटतो आणि ढगात होरायझन हळूहळू कलतो, ते लक्षात येईपर्यंत विमानही कललेलं असतं. ट्रान्सपाँडर आणि एडीएस-बी (विमानाची ओळख आणि जागा रेडिओवर कळवणारी उपकरणं) तुमच्या हवाई क्षेत्रात लागतं तसं बसवा. ऑटोपायलट एकट्याने लांब जाणार असाल तर खरंच उपयोगी. बाकी पॅनेल वर्षभर उडवून मग ठरवा, पहिल्याच महिन्यात विमान एव्हिओनिक्सवाल्याकडे टाकलं की चार महिने बाहेर येत नाही आणि तोवर इंजिन उभं. काही नवं बसवलं की जुनी मृत वायर आणि डबे काढून टाकायला सांगा, मी एका १७२मधून आठ किलो नुसती बंद पडलेली वायर आणि पट्ट्या काढल्यात. आणि वजन परत करून घ्या.

मेंटेनन्स. फिल्टर असेल तर ऑइल ५० तासांनी, नुसती जाळी असेल तर २५ तासांनी, आणि तास भरले नाहीत तरी चार महिन्यांनी बदलायचं. हे काम मालकाने स्वतः करावं (जिथे परवानगी आहे तिथे), कारण फिल्टर कापून बघणं हे शिकण्यासारखं आहे. फिल्टर कटरनेच कापायचा, करवतीने नाही, नाहीतर करवतीचाच कीस आत पडतो. कागदाच्या घड्या कापून काढायच्या, दाबून ऑइल पिळायचं, उन्हात उलगडून बसायचं. चमकणारे कण दिसले की त्यावरून चुंबक फिरवायचं. कार्बनचे काळे कडक तुकडे बोटात चुरतात, त्यांची काळजी नाही. चुंबकाला सुईसारखे बारीक कण चिकटले तर ते लोखंड, कॅम किंवा टॅपेटचं, थांबायचं आणि मेकॅनिकला बोलवायचं. माझ्याकडे एका मालकाने असा फिल्टर आणला होता, चुंबकावर काळी मिशी उगवल्यासारखी दिसत होती, सिलिंडर काढला तर कॅमचा एक उंचवटा जवळजवळ गोल झालेला. इंजिन तेव्हाही छान वाजत होतं, फक्त चढताना थोडं मंद वाटतं एवढंच तो म्हणत होता. ऑइलचा नमुना लॅबला दर वेळी पाठवा, एका रिपोर्टवर निर्णय घेऊ नका, चार-पाच रिपोर्ट ओळीने ठेवले की आकडा कुठे चाललाय ते कळतं.

मॅग्नेटो ५०० तासांनी उघडून तपासायचे, हे खूप जण विसरतात, फेल होईपर्यंत चालवतात. १००एलएल पेट्रोलमध्ये लिटरला ०.५६ ग्रॅमपर्यंत शिसं असतं, ते खालच्या प्लगमध्ये गोळ्या होऊन बसतं आणि रनअपला (टेकऑफआधीच्या इंजिनाच्या चाचणीत) मॅग्नेटो खडखडतो. उपाय सोपा आहे, जमिनीवर टॅक्सी करताना मिक्श्चर चांगलं लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) ठेवा, इतकं की थ्रॉटल पुढे केलं तर इंजिन अडखळावं, म्हणजे चुकून त्याच सेटिंगवर टेकऑफ होणारच नाही.

आता थोडी वेगळी गोष्ट. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश कोस्टल कमांडच्या लिबरेटर विमानांच्या दुरुस्तीच्या नोंदी वॅडिंग्टन नावाच्या शास्त्रज्ञाने तपासल्या. दर ५० तासांनी तपासणी व्हायची. त्याला दिसलं की अचानक येणारे बिघाड तपासणीच्या लगेच नंतर सगळ्यात जास्त होते आणि मग पुढच्या तपासणीपर्यंत कमी होत जायचे. म्हणजे तपासणीतूनच बिघाड घुसत होते. मी मेकॅनिक असून हे सांगतोय, कारण मी ते भोगलंय. काही वर्षांपूर्वी माझं स्वतःचं विमान एका वर्कशॉपमधून वार्षिक तपासणी होऊन आलं, कागद सगळे चोख. उडायच्या आधी काउलिंग (इंजिनावरचं झाकण) उघडलं तर कार्ब्युरेटरला जाणाऱ्या पेट्रोलच्या पाइपच्या नटाखाली निळा डाग. १००एलएलला निळा रंग असतो, तो सुकून मागे राहतो. नटाला पाना लावलाच नव्हता, बोटाने फिरला. तो डाग एग्झॉस्टपासून वीतभर अंतरावर होता.

तेव्हापासून दोन गोष्टी सोडत नाही. एक, जे नीट चाललंय ते नुसतं कॅलेंडर आलं म्हणून उघडायचं नाही, कायद्याने सांगितलंय तेवढं नक्की करायचं, बाकी बघायचं, मोजायचं, आणि मोजमाप बिघडलं तर उघडायचं. एका सिलिंडरचं कॉम्प्रेशन कमी आलं म्हणून चारही सिलिंडर काढायला कोणी सांगितलं तर आधी तासभर उडवून गरम इंजिनावर परत टेस्ट करा, कितीतरी वेळा आकडा वर येतो. दोन, वर्कशॉपमधून आलेलं पहिलं उड्डाण एकट्याने, दिवसा, चांगल्या हवेत, विमानतळाच्या वरच अर्धा तास, आणि उतरून परत काउलिंग उघडून डाग शोधायचे. घरच्यांना त्या उड्डाणात बसवू नका, कितीही आग्रह केला तरी.

बाकी रोजचं. टाकीच्या झाकणांचे रबर वेळेवर बदला, जुन्या सेसनात पावसाचं पाणी तिथूनच टाकीत उतरतं, म्हणून पंख हलवून मग सगळ्या ड्रेनमधून नमुना घ्या. पिटॉटवर (वेग मोजायची नळी) कव्हर ठेवा, कुंभारमाशी एका दुपारीत मातीने भोक बुजवते. छप्पर मिळत असेल तर नव्या रंगाआधी छपराचे पैसे द्या.

तर तुमच्यासाठी पुढचं पाऊल असं. दुसऱ्या विमानाच्या मालकाला फोन करून गेल्या दोन वर्षांचे ऑइल रिपोर्ट, शेवटची कॉम्प्रेशनची नोंद, ऑइल किती तासांना एक क्वार्ट (जवळजवळ एक लिटर) लागतं ते, आणि सीट रेलची नोंद मागा. दर आठवड्याला उडवणारा मालक हे कागद सहसा हाताशी ठेवतो. मग त्याच्याबरोबर तासभर उडा, उतरल्यावर गरम इंजिनावर कॉम्प्रेशन, बोअरस्कोप आणि फिल्टर तिन्ही तुमच्या मेकॅनिकच्या हातून करून घ्या, झाकणं उघडून गंज बघा. फिल्टर कापताना तुम्ही तिथे उभे राहा, चुंबक स्वतःच्या हाताने फिरवा. काय निघालं ते इथे लिहा, व्हॉल्व्हचे फोटोही टाका, मी बघून सांगतो.